साडूभाऊंचे पांढरे दात

वाघाला, भुताला, साहेबाला आणि सासऱ्याला भिणारी माणसं मी भरपूर पाहिली; स्वतःच्याच दातांना भिणारा माणूस मात्र अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझा थोरला साडू. अकोल्याच्या एका कचेरीत कारकून. त्या काळी आमच्याकडे कॉफी म्हणजे आजाऱ्याचं पेय, पण यांच्या घरी ती दिवसातून चारदा व्हायची. चांदूर रेल्वेला बदली असताना शेजारच्या मद्रासी गार्डाच्या बायकोकडून ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, ती शिकली होती. साडूभाऊ पहिला घोट सुखानं घ्यायचे. दुसऱ्या घोटाला त्यांचा चेहरा उतरायचा. कॉफीनं दात पिवळे पडतात असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं, आणि तेव्हापासून उरलेली कॉफी ते दातांना लागू न देता घशात ओतायचे.

कप ठेवला की तांब्या घेऊन ते मोरीकडे पळायचे. सकाळी कडुनिंबाची काडी, दुपारी बाभळीच्या कोळशाची राखुंडी, संध्याकाळी मीठ आणि तुरटी. खिशात आरसा. रस्त्यात भेटले की नमस्काराच्या आधी ओठ वर करून विचारायचे, "खरं सांगा, पिवये पडून राह्यले का?" नाही म्हटलं तर "मन राखून राह्यले तुमी," म्हणायचे. एकदा मी थट्टेनं 'किंचित' म्हणालो, तर दोन दिवस कचेरीत तोंडाला रुमाल लावून बसले. अचलपूरच्या एका लग्नात अंतरपाटाचं एक टोक यांच्या हाती होतं. त्याआधी कुणीतरी आग्रहानं कॉफी पाजलेली. चूळ भरायची राहिल्याचं ऐन मंगलाष्टकांत आठवलं आणि साडूभाऊ टोक सोडून विहिरीकडे धावले. नवरा-नवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहून घेतलं. भटजींनी मात्र यांना जन्मभर माफ केलं नाही.

एकदा वैतागून मी म्हणालो, "मग सोडा ना ती कॉफी!" ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "तिले आता काई दिसत नाई हो. नुसता उजेड अन् अंधार. डोयाच्या डॉक्टरनं हात टेकले. मी हसलो का दात तेवढे चमकतात तिले, त्याच्यावरून वयखते. ते पिवये झाले म्हंजे मी दिसणंच बंद. अन् कॉफी? बाकी सारा सैपाक सुटला तिचा. बोटानं अंदाज घेऊन एवढी कॉफी करते. थे कशी सोडू?" ताईची नजर अधू झाल्याचं मी ऐकून होतो, पण इतकी गेल्याचं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मला माझ्या त्या 'किंचित'ची फार लाज वाटली.

पुढं त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा मीच त्यांना अमरावतीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. एस.टी.त सगळा रस्ता त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कॉफीनं काई नाई केलं, बाप्पा. तुमीच घासून घासून हिरड्या सोलल्या. समोरचे दोन काढा लागतील."

दोन्ही काढले. परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "आता मी कसा दिसन तिले?" अकोल्याला घराच्या पायरीवर ते अडून बसले. इतका भ्यालेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. आतून ताईचा आवाज आला, "आले का? या ना आत, कॉफी टाकली." हे उठले, पण तोंड घट्ट मिटलेलं. ती कप घेऊन समोर येऊन थांबली. "हसा ना," म्हणाली. हे उभेच. तिनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला. गाल, मिशी, मग ओठ. बोट त्या रिकाम्या जागेशी आलं आणि थांबलं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी रागावले. घ्या, थंडी होऊन राह्यली."

राखुंडीची डबी दुसऱ्या दिवसापासून कोनाड्यात पडून राहिली. उरलेले दात खरोखरच पिवळे होत गेले. कचेरीतून आले की साडूभाऊ ताईसमोर बसायचे, तिचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवायचे आणि मग हसायचे. ताई गेली त्यानंतर त्यांनी कॉफी सोडली. कारण मी विचारलं नाही.