सात नंबरच्या डब्यातलं पाकीट

माझी आत्या माकडांना मारते, असं आमच्याकडे सगळे सांगतात. टपरीवाला तर नव्या माणसाला चहाबरोबरच ही बातमी देतो. तो नाकात बोलतो आणि प्रत्येक वाक्याला एक कप पुसतो. "वर जाताय? जपून हां. माकडांचं काही नाही हो, फाटकावरची बाई बघा. काठीनं झोडते बिचाऱ्यांना. मग तीही डूख धरणारच की. तिचा हात बघा एकदा, चाळण झालीय."

हाताचं खरं आहे. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढरे खड्डे आहेत, जोडीजोडीने. बाकीचं सगळं टपरीवर शिजलेलं.

काठीही आहे, पण ती माणसांसाठी. टोकाला फडकं गुंडाळलेलं. माकडाच्या फार जवळ कुणी गेलं, की आत्या ती त्याच्या पोटासमोर आडवी धरते आणि म्हणते, "दहा पावलं." एवढंच. आत्या बोलण्यात फार काटकसरी. माझे वडील म्हणतात, लहानपणी भावंडांत भांडण झालं की तीच जिंकायची, कारण बाकीचे बोलून दमायचे.

नवरा गेल्यावर ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली आणि महिन्याभरात जंगलातल्या पायवाटेच्या फाटकावर नोकरीला लागली. त्याला अकरा वर्षं झाली. फाटकाशी एक टेबल, टेबलावर झाकणाचे बारा पत्र्याचे डबे, प्रत्येकावर नंबर. माणूस आला की आत्या म्हणते, "खिसे." मग बिस्किटं, वेफर्स, शेंगदाणे, गोळ्या, सगळं डब्यात जातं, हातात नंबराचा बिल्ला मिळतो. पाकिटाचा कागद चुरचुरला की माकडं अर्ध्या जंगलातून ऐकतात, म्हणून रिकामं पाकीटसुद्धा आत न्यायचं नाही. त्यानंतर चार सूचना. खाली बसायचं नाही. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. पोरांना खांद्यावर घ्यायचं नाही. दहा पावलं.

मी रविवारी फाटकाजवळच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. अभ्यास म्हणून वही न्यायचे, पण खरा माल माणसांच्या तोंडातून मिळायचा. "अहो मॅडम, आम्ही काय माकडं आहोत का, खिसे तपासायला?" असं म्हणणारा एक तरी दर रविवारी यायचाच. गोड आवाजातल्या काकू यायच्या, "एकच बिस्कीट हो, त्यांनाही जीव आहे." एकदा एक गृहस्थ तुटकी माकडिणीकडे बोट दाखवून बायकोला म्हणाले, "बघ, हसतेय आपल्याकडे बघून." आत्या म्हणाली, "हसत नाही. दात दाखवतेय. मागे या." घरी जेवताना मी हे सगळे आवाज काढायचे आणि शेवटी आत्याचं "खिसे" काढायचे, खालच्या पट्टीत, ओठ न हलवता. वडिलांना ठसका लागायचा. आत्या ताटाकडे बघत जेवायची. "पोपट आहे मेली," एवढंच म्हणायची.

तुटकी म्हणजे एक मादी. शेपूट अर्धं. सहा वर्षांपूर्वी खालच्या वाहनतळावर कुणी गाडीच्या खिडकीतून तिला बिस्किटं चारली, मग ती आत शिरतेय म्हणून घाबरून दार आपटलं. शेपूट दारात राहिलं, बिस्किटांची चटक तिच्यात राहिली. तेव्हापासून तिला पानं-फळं गोड लागेनात. माणूस दिसला की ती हात धरून ओढायची, आणि मिळालं नाही की चावायची. जंगल कार्यालयाचा नियम असा, की एकाच माकडाने तीन पर्यटकांना चावल्याची नोंद झाली, की त्याला पकडून कार्यालयामागच्या पिंजऱ्यात टाकायचं. कायमचं. तिथे आधीची पाच आहेत. त्यातलं एक सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोल गोल फिरतं, एकाच दिशेने. मी ते पाहिलंय. त्याची नक्कल मी कधी केली नाही.

तुटकीच्या नावावर दोन नोंदी होत्या. तिसरी चार वर्षं झाली नव्हती. का झाली नव्हती, ते मला गेल्या वर्षी दवाखान्यात कळलं. आत्याच्या हाताला फडकं बांधलेलं होतं, म्हणून आईने मला बरोबर पाठवलं. कंपाउंडर सुई भरता भरता म्हणाला, "काय आजी, पुन्हा कुत्रा? तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं काय घोडं मारलंय तुम्ही?"

"चावतात," आत्या म्हणाली.

"हा सहावा ना?"

"मोजत नाही."

आमच्या गल्लीत कुत्रं एकच आहे. त्याला दात नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुठला कुत्रा?" ती म्हणाली, "पर्यटकाला लागलं की नोंद होते. मला लागलं तर मी सांगायला हवं ना कुणाला." तुटकी कुणावर झेपावली, की आत्या मध्ये स्वतःचा हात घालायची. मग घरी येऊन साबणाने धुवायची आणि दवाखान्यात जाऊन कुत्र्याचं नाव घ्यायची.

"वेडी आहेस तू," मी म्हणाले.

"घरी बोलू नकोस."

बोलले नाही. माझ्या तोंडात राहिलेली ती एकच गोष्ट.

मग तो रविवार आला. सकाळचे दहा वाजले असतील. एक जोडपं, बरोबर चार वर्षांची मुलगी, तिच्या अंगात मागे टोपी असलेला कोट. आत्या म्हणाली, "खिसे." त्या माणसाने खिसे उलटे करून दाखवले, अगदी जादूगारासारखे. बाईने पर्स उघडली. मुलीच्या कोटाचेही दोन्ही खिसे आत्याने चाचपले. तो माणूस बायकोकडे बघून हसला. पायऱ्यांवरून मला ते हसणं दिसलं, पण मी तेव्हा त्याचा आवाज पाठ करत होते. वेफर्सचं पाकीट मुलीच्या मागे लोंबणाऱ्या टोपीत होतं. अकरा वर्षांत आत्याने हजारो खिसे तपासले, टोपी एकही नाही.

वळणापलीकडे गेल्यावर त्याने मुलीला खांद्यावर घेतलं आणि टोपीत हात घातला. चुरचुर झाली. फाटकावरून आत्याने ती ऐकली आणि ती धावली. या वयात तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पोचले तेव्हा तुटकी मुलीच्या पाठीवर होती, पोटाला तिचं पिल्लू चिकटलेलं. आत्याने नेहमीसारखा डावा हात मध्ये घातला. तुटकीने तो धरला, चावली, आणि सोडणारच होती. तेवढ्यात त्या माणसाने हातातला फोन तिच्या डोक्यात घातला. ती त्याच्या अंगठ्याला चावली.

मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. ती पाकीट मागत रडत होती.

जंगल कार्यालयाचे साहेब तासाभरात आले. साहेब चष्मा कपाळावर ठेवून बोलतात आणि कुणाचं पूर्ण ऐकत नाहीत. आत्याने हात पुढे केला. "मला चावली. यांना घाईत लागलंय, फोनचं."

"हे बघा ना," त्या माणसाने अंगठा वर केला. "आणि व्हिडिओ आहे माझ्याकडे. पूर्ण."

"यांनी पाकीट लपवून नेलं," आत्या म्हणाली.

"मावशी, तपासायचं काम कुणाचं होतं?" साहेब म्हणाले, आणि लिहायला बसले.

त्या दिवशी घरी आत्याने जेवणाला हात लावला नाही, आणि मीही कुणाचा आवाज काढला नाही.

सोमवारी पायवाट बंद करून पिंजरा लावला. आत केळी. तुटकी वरच्या फांदीवर बसून दोन दिवस केळ्यांकडे बघत होती. खाली आली नाही. मंगळवारी दुपारी साहेबांनी सांगितलं, उद्या बेशुद्धीच्या सुईची बंदूक घेऊन माणूस येईल.

"एवढ्या उंचावर सुई लागली तर पडेल ती," आत्या म्हणाली. "पिल्लू पोटाशी आहे."

"मग तुम्ही सांगा ना तिला, खाली ये म्हणून," साहेब म्हणाले. त्यांचा माणूस हसला.

मी मात्र खुशीत होते. मला वाटत होतं, तुटकी सगळ्यांना पुरून उरली. आत्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "नाही जायची ती आत. बंदूकवालाही हात हलवत परत जाईल. लाव पैज."

"कशाची?"

"हरले तर तुझी नक्कल बंद."

"कायमची?"

"कायमची."

आत्याने वर फांदीकडे बघितलं. "लावते," ती म्हणाली.

ती उठून टेबलाशी गेली. सात नंबरच्या डब्यात कुणीतरी विसरून गेलेलं वेफर्सचं पाकीट होतं. ते तिने काढलं. साहेबांना आणि त्यांच्या माणसाला काठी आडवी धरून मागे सारलं, दहा पावलं. मग काठी खाली ठेवली. पिंजऱ्याशी गेली, पाकीट फोडून आत सरकवलं, त्याचं मागचं टोक तेवढं गजांतून हातात धरलं, आणि जमिनीवर बसली. ती बसली, हेच मला आधी कळेना. झाडाकडे पाठ करून तिने पाकीट चुरगळलं. एकदा. मग पुन्हा.

वर फांदी हलली. तुटकी उतरली, पिल्लू पोटाशी धरून, तीन पायांवर. आत्याच्या खांद्याला घासून गेली, पण तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ आत शिरून पाकिटात तोंड घातलं. मागे दार पडलं. पिल्लू ओरडलं. तुटकी खातच होती.

साहेबांचा माणूस म्हणाला, "घ्या, एवढंच होतं होय."

आत्याला उठता येईना. मी हात दिला. तिने तो चांगल्या हाताने धरला, उभी राहिली, साडी झटकली.

"हरलीस," ती म्हणाली.

घरी वडिलांनी विचारलं, "काय गं पोपटा, काय म्हणाली आज आत्या फाटकावर?"

आत्या समोर बसली होती. मी म्हणाले, "तिलाच विचारा."