अजून एक चमचा

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे 'अजून-घे मावशी' म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. पळी हातात आली की थांबणं म्हणून त्या बाईला ठाऊकच नव्हतं. ताटावर हात आडवा धरलात, तर बोटांच्या फटीतून वाढेल. पातळ तर तिला मुळीच खपायचं नाही. कढईत जरा पाणी जास्त दिसलं की हिचा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जायचा. एकदा एक वेल्डर म्हणाला, "मावशी, पोट बिघडलंय, आज नुसतं गरम पाणी दे." तर हिनं त्या पाण्यातसुद्धा काहीतरी कालवून दिलं. बिचारा मुकाट्यानं प्यायला. काय करतो?

अशा बाईच्या घरात नात जन्मली ती टाळूला चीर घेऊन. तोंडाचं वरचं छत मधोमध उघडं. त्यामुळे अंगावरचं दूध ओढता येईना, आणि जे काही तोंडात जाई त्यातलं निम्मं नाकातून बाहेर. पोर इतकी लहान की मावशीनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाली, "हे काय, चिमटीभर तर आहे." तेव्हापासून ती चिमटी.

आता चिमटीला जगवायचं म्हणजे आईचं दूध यंत्रानं काढायचं, मऊ बाटलीत भरायचं, पोरीला ताठ बसवायचं आणि बाटली हलके हलके दाबत एकेक घोट आत सोडायचा. सुनेचे हात थरथरायचे. मुलगा ट्रक चालवायचा, त्याला धीर म्हणून नाही. शेवटी मावशीनं कॅन्टीनमधली सकाळची पाळी सोडली आणि बाटली हातात घेतली. "घे," म्हणायची, दाबायची, थांबायची. "अजून एक. अजून घे." एका बाटलीला अर्धी सकाळ जायची. पण पोरगी बाळसं धरायला लागली. पुढे पुढे तर असं झालं की मावशीचा चेहरा दारात दिसला रे दिसला की चिमटी तोंड उघडायची. आईला पाहून हसायची, बापाचे केस ओढायची, पण तोंड उघडायची ते आजीकडे बघून.

वरचं खाणं सुरू झालं तेव्हा मावशीला एक युक्ती सापडली. बाळाचं पीठ डब्यात मिळतं ना, पाण्यात कालवायचं, त्यातलं चमचाभर दुधात घातलं की दूध दाट होतं आणि नाकातून कमी येतं. सुनेनंही बघितलं, बरं म्हणाली. मग प्रत्येक बाटलीत एक चमचा, हे ठरूनच गेलं.

वजन भरलं. टाळू शिवायची तारीख मिळाली. ती सर्दीमुळे हुकली. पुन्हा मिळाली, तेव्हा ताप. तिसऱ्यांदा मिळाली तेव्हा घरात कोणी मोठ्यानं शिंकेनासं झालं.

आदल्या दिवशी हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला. भूल द्यायची, तर पोट रिकामं हवं. रात्री झोपताना पीठ, पावडरचं दूध, सगळं बंद. पहाटे एकदा आईचं दूध चालेल, नुसतं. त्यानंतर काही नाही. भुलेत पोटातलं वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं तर जिवावर बेतेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मावशीनं ते ऐकलं आणि घरात आणीबाणी लागू केली. बिस्किटं कपाटात, केळी शेजाऱ्यांकडे. मुलाला दोनदा बजावलं, "तू लाडानं काही तिच्या तोंडात घालशील, तुझा भरवसा नाही." सुनेकडून सगळं पाठ म्हणून घेतलं. सगळ्यांवर पहारा बसवला बाईनं. स्वतःवर बसवायचा तेवढा राहिला.

पहाटे सुनेनं दूध काढून बाटली ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेली. मावशीनं पाजलं, भांडी विसळली, पिशवी भरली, आणि सगळे निघाले.

हॉस्पिटलच्या खोलीत एक कॉट, एक खुर्ची आणि भिंतीवर निळे मासे रंगवलेले. भूल देणारी डॉक्टर आली. आखूड केसांची, पायात रबरी चपला, बोलणं मऊ. चिमटीची छाती तपासली, तोंडात बॅटरी मारून बघितलं, मग विचारलं, "शेवटचं काय दिलंत?"

"पहाटे माझं दूध," सून म्हणाली. "फक्त दूध."

"नक्की?"

"नक्की. आईंनी पाजलं."

मावशीनं मान डोलावली. पिशवीतून लंगोट काढत होती, त्याखाली ती पहाटेची बाटली होती, घाईत न धुता टाकलेली. बुचाच्या कडेला पांढरा थर वाळला होता. नखानं खरवडला तर पिठूळ लागला. दूध असं वाळत नाही. आणि मग तिला आठवलं की पहाटे विसळलेल्या भांड्यांत एक चमचा होता. चमचा कशाला होता?

पीठ घातल्याचं आठवेना. आठवणार कसं, ते तिनं घातलंच नव्हतं, तिच्या हातानं घातलं होतं. दूध पातळ दिसलं आणि हात डब्याकडे गेला, कढईसमोर जातो तसा.

एक चमचा, ती मनाशी म्हणाली. एवढ्याशा चमच्यानं काय होतंय? पचलासुद्धा असेल. सून चिमटीच्या अंगात हॉस्पिटलचा झगा घालून नाड्या बांधत होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे हात थरथरत नव्हते. मुलगा मोठ्या मिनतवारीनं सुट्टी काढून आला होता. आता तोंड उघडलं तर तारीख गेली. पुन्हा वाट बघणं, पुन्हा शिंकांना भिणं, आणि पोरीचं बोलणं फुटायच्या आत टाळू शिवायला हवी होती. गप्प बसलं तर? कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. त्या एका शब्दाशी ती अडली. डॉक्टर "भेटू आत" म्हणून बाहेर पडली, दार लागलं, तरी मावशी बाटली धरून तशीच उभी.

मग ती धावली. गुडघे दुखणारी बाई ती, पण लिफ्टपाशी तिनं डॉक्टरला गाठलं.

"बाई, थांबा. मी पीठ घातलंय दुधात. एक चमचा. मुद्दाम नाही हो, हात गेला माझा."

डॉक्टरनं बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आत्ता नाही घेता येणार तिला."

"मग आज?"

"आजची सगळी बाळं झाली की शेवटी बघू. वेळ उरेलच असं मी सांगत नाही. तोवर दूध नाही, खाणं नाही. थोडं पाणी कधी द्यायचं ते सिस्टर सांगेल."

खोलीत येऊन मावशीनं सगळं सांगितलं. मुलाचा आवाज चढला. "आई, कालपासून आम्हाला धारेवर धरलंस. बिस्किटं काय, केळी काय. आणि तूच?" ती म्हणाली, "हो रे, मीच." सुनेनं नाड्या सोडून झगा घडी करून ठेवला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग सुरू झाली भूक. चिमटी आधी कुरकुरली, मग तिनं आजीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. मिटलं, पुन्हा उघडलं, जरा मोठं. आपलंच काही चुकतंय असं वाटलं असावं बिचारीला. मावशीनं तोंड फिरवलं, तर पोरीनं तिची बाही पकडून ओढली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. उपाशी माणूस समोर बसलेलं त्या बाईनं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आणि आता बघायचं ते हे.

"आई," सून हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्ही दिसलात की ती मागते."

हे ती रागानं म्हणाली नाही. खरं तेच म्हणाली. मावशी उठली आणि लिफ्टजवळच्या बाकावर जाऊन बसली. दार बंद असलं तरी रडणं ऐकू येतच होतं, आणि कुठलं रडणं कशाचं हे तिला दाराआडूनही कळायचं. हे भुकेचं होतं. नंतर नंतर ते दमल्याचं झालं, ते ऐकणं त्याहून वाईट. बाकावर बसलेल्या एका माणसानं आपला डबा उघडला आणि तिच्यापुढे केला. "घ्या ना, मावशी." तिनं हात आडवा धरला. तिला काही खायचं होतं असं नाही, पण आपण असा हात धरला हे तिचं तिलाच नवीन वाटलं.

दुपार कलली. एकेक बाळ चाकाच्या पलंगावरून परत गेलं. सिस्टर आली, खोलीत गेली, आणि पाठोपाठ सून चिमटीला घेऊन बाहेर आली. झगा पुन्हा अंगात होता.

"बोलावलंय," ती म्हणाली. "झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस आत चालतं. तुम्ही जा."

"मी? अगं, माझ्यामुळे तर सगळं... तू आई आहेस तिची."

"माझे हात बघा." तिनं दाखवले. "मी गेले तर ती आणखी घाबरेल. जा, आई."

आतमध्ये गार होतं. मावशीच्या डोक्यावर कागदी टोपी, अंगावर हिरवा डगला. चिमटीला मांडीवर ताठ बसवलं, बाटलीच्या वेळी बसवायची तशीच. तिच्या हातांना दुसरी रीत माहीतच नव्हती. पोरगी रडून रडून मऊ पडली होती. तिनं मान वर केली, टोपीखालचा चेहरा ओळखला, आणि तोंड उघडलं.

त्याच उघड्या तोंडावर डॉक्टरनं भुलेचा मुखवटा धरला.

चिमटीनं डोळे मोठे करून आजीकडे बघितलं. हात झाडला. मावशीनं तो हात धरला.

"बोलत राहा तिच्याशी," डॉक्टर म्हणाली. "रोजचं काहीतरी. आवाज ओळखीचा असू दे."

रोजचं तिच्याकडे एकच होतं.

"घे," मावशी म्हणाली. "घे गं राणी. अजून एक. अजून घे."

चिमटीनं एक श्वास घेतला. मग एक. डोळे आजीवरच होते, पण झाडणं थांबलं. तिला वाटलं असेल, येतंय आता. प्रत्येक श्वासाला मावशी थांबली आणि पुढचा दिला. मग बोटं सैल पडली आणि मान आजीच्या दंडावर कलली. सिस्टरनं तिला अलगद उचलून घेतलं.

बाहेर सून भिंतीला टेकून उभी होती. मुलगा शेजारी, खिशात हात घालून.

"रडली का?" सुनेनं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "दिलं तेवढं सगळं घेतलं तिनं."

आणि कागदी टोपी डोक्यावर तशीच ठेवून ती बाकावर बसली. सून तिच्या शेजारी बसली, आणि दोघी समोरच्या बंद दाराकडे बघत राहिल्या.