भेगेवरची काच

कोठारवाली म्हणूनच सगळे तिला ओळखत. जुन्या जमीनदाराचं दोनशे वर्षांचं दगडी धान्यकोठार आधी सासूने सांभाळलं, मग तिने. वर धान्याची माडी, खाली पुरुषभर उंच दगडी खांबांची रांग. प्रत्येक खांबावर छत्रीसारखा पसरट दगड. उंदीर चढलाच तर तिथून उलटा खाली पडावा म्हणून. माडीखाली पूर्वी वजनकाटा असायचा, त्या खोलीत तिचा तीस वर्षांचा संसार. आणि आता अंथरुणाला खिळलेला नवरा.

भिंतीला भेग गेली तेव्हा गवंड्याने भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. ‘‘काकू, भिंत जराशी हलली तरी काच तडकेल. तडकली की लगेच निरोप धाडा. मग कोठार रिकामं करावं लागेल.’’

रिकामं करून जायचं कुठे? तीन महिन्यांनी काच तडकली, तेव्हा तिने फोटोच्या चौकटीची काच कापून आणली आणि तशीच चिकटवली. ती महिनाभर टिकली. तिसरी आठ दिवस. चौथी कालच लावली होती. भाजी चिरताना, नवऱ्याची कूस बदलताना तिचा एक कान भिंतीकडे.

‘‘माझ्याकडे कधी एवढं बघितलं नाहीस,’’ नवरा म्हणाला.

‘‘तुम्ही तडकलात तर चार घरांना ऐकू जातं. बघावं कशाला लागतं?’’

आज सकाळी गवंडी आला. काचेवर ओझरता हात फिरवून म्हणाला, ‘‘शाबूत आहे. मग शाळेला कळवतो, उद्या मुलांना माडी दाखवायला हरकत नाही. चाळीसजण आहेत.’’

चाळीस पोरं माडीच्या फळ्यांवर धावणार. गवंडी दारापर्यंत पोचला.

‘‘थांबा,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘ती तुमची काच नाही. चौथी आहे.’’

‘‘आधीच्या किती टिकल्या?’’

तिने सांगितलं. तो तोंडाला येईल ते बोलेल असं तिला वाटलं होतं. पण आठ दिवस म्हटल्यावर त्याने वर तुळईकडे पाहिलं आणि हळूच बूट काढले.

‘‘काकांची खाट उचलू या. तुम्ही पायाकडून धरा.’’

‘‘आत्ता? भांडीकुंडी तरी...’’

‘‘राहू द्या. पाय आपटू नका.’’

नवऱ्याने तिचा चेहरा बघून खाटेची कड धरली. उंबरा सहा पावलांवर होता. चादरीवर वरून चुना भुरभुरत होता. तिने तो झटकला नाही. दोन्ही हात खाटेला होते.