मावशींची चौकट

माझं माहेर मार्गासनीचं, सासर भोरचं. लग्न होऊन आले तेव्हा धाकटी नणंद कॉम्प्युटर शिकून घरीच बसली होती. मीही तेच शिकलेली. घरातल्या पुढच्या खोलीत आम्ही दोघींनी वेबसाईट बनवायचं काम सुरू केलं. तांदूळ विकणारे, शेतावरच्या खोल्या भाड्यानं देणारे, खानावळवाले अशी आमची गिऱ्हाइकं.

पानशेतच्या मावशी त्यातल्याच. धरणाच्या कडेला त्यांची खानावळ. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं वेबसाईट बघून, नंबर घेऊन, फोन करून जेवायला यायची.

वेबसाईटवर मजकूर एकीकडे असतो आणि त्याचे रंग, अक्षरं, मांडणी ठरवणारे नियम दुसरीकडे. त्या नियमांना स्टाईलशीट म्हणतात. साईट जिथून चालवतो त्या पॅनेलमधल्या एका चौकटीत ते लिहिता येतात, नाहीतर वेगळी फाईल करून सर्व्हरवर ठेवता येतात. चौकट पासवर्ड टाकला की मालकालाही उघडता येते. फाईलला हात लावायचा तर आमच्यासारखं कुणी लागतं. नणंदेनं मावशींचे नियम चौकटीत ठेवले आणि ती चौकट उघडायला त्यांना शिकवलंही.

मावशी रमल्या. दसऱ्याला साईटचा रंग झेंडूसारखा व्हायचा. श्रावणात त्यांच्याकडे मासे शिजत नसत, तर माशांचा भाग लपवणारी एक ओळ त्या स्वतः चौकटीत घालायच्या. आम्ही गेलो की सगळ्यांदेखत सांगायच्या, "वळ घातली की मासं पाण्यात, काढली की ताटात! म्या करते, म्या!"

मग एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. रंग बदलताना एक कंस बंद करायचा राहून गेला होता. त्याच्या खालचे सगळे नियम कोलमडले. अक्षरं एकमेकांवर चढली, फोन नंबर कुठंतरी गडप झाला. आम्ही घरूनच दुरुस्त केलं, पण तोवर दुपार झाली होती. एवढं शिजवलेलं अन्न, आणि अंगणात दोनच गाड्या. मावशी फोनवर रडवेल्या झाल्या होत्या.

"आता सगळं फाईलमध्ये टाकू," मी म्हणाले. "जुनी प्रत आपल्याकडे राहील. काही बिघडलं तर लगेच परत ठेवता येईल."

"आणि मावशींनी काय करायचं?" नणंदेनं विचारलं.

"फोन करायचा. आपण बदलून देऊ."

"वहिनी, साईट त्यांची आहे ना? कंस चुकला तर कंस शिकवू. चौकट कशाला काढून घ्यायची?"

"पुढच्या शनिवारी परत चुकला तर?"

आम्ही दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो, असं मला आजही वाटतं. शेवटी फाईलच केली. काम नीट झालं, साईट पुन्हा कधी मोडली नाही.

पुढच्या श्रावणात मावशींचा फोन आला, आम्ही मासे लपवले. त्याच्या पुढच्या श्रावणात आला नाही. रक्षाबंधनाला माहेरी गेले होते, तिथून घाट उतरून त्यांच्याकडे गेले. साईटवर बघून आलेले पाहुणे मासे मागत होते आणि मावशी हात जोडून नाही म्हणत होत्या.

"मावशी, फोन का नाही केलात?"

"येवढ्याशा कामासाटी तुमास्नी कशाला तरास, पोरी." ताटं उचलता उचलता त्या म्हणाल्या, "तवा माज्या हातात हुतं. जेवणाची येळ टळली की बसायची घटकाभर, ह्यो रंग लाव, त्यो रंग लाव. आता उगडतच न्हाई म्या."

"चौकट परत चालू करून देऊ का?"

"नगं. आता इसरले समदं."

मी समजावून बघितलं, त्यांनी चहा पुढं केला. वर्षभरानं त्यांनी साईटच बंद केली. सुनेच्या मोबाईलवरून फोटो टाकतात म्हणे, गिऱ्हाईक तसंही येतं.

नणंद नोकरी धरून पुण्याला गेली. भांडण असं झालं नाही. पण त्या शनिवारनंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि कामही हळूहळू मी एकटीच करायला लागले होते. दिवाळीला येते, फराळ करताना शेजारी बसते. मागच्या खेपेला मी धीर करून विचारलं, "तुमच्या कंपनीत स्टाईलशीट कुठं ठेवतात गं?"

"फाईलमध्येच," ती म्हणाली. "तिथं गिऱ्हाईक आपल्याला दिसतच नाही." आणि करंजीच्या कडा दुमडत राहिली.

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात तेल तापलं म्हणून सासूबाईंनी हाक मारली आणि मी उठले.