चालू गाण्यात प्यायलेलं पाणी

दादाचा काटोलहून फोन आला तेव्हा मी हिंगण्याला कंपनीत होते. संत्र्याच्या सौद्याच्या वेळी तो कधी फोन करत नाही, म्हणून मी धास्तावूनच उचलला.

"ते येऊन राहिले वं," तो म्हणाला. "नागपूरले. आपले."

'आपले' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. दादा कॉलेजात असताना त्या रॉक बँडची कॅसेट आमच्या घरात आली आणि फीत गुंतून तुटेपर्यंत वाजली. मी शाळेत होते, इंग्रजी फारसं कळत नव्हतं. दादा एकेक ओळ थांबवून अर्थ सांगायचा, त्यातला निम्मा स्वतःच्या पदरचा. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईला जावं लागलं असतं, आणि आमच्या बाबांसमोर तो विषय काढण्याची दोघांचीही टाप नव्हती. आता ते चौघे सत्तरीला टेकले होते आणि आम्हाला अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

मग दादा रोज फोन करू लागला. कोणतं गाणं आधी घेतील, ड्रम वाजवणारा तोच आहे की बदलला. मला एकच काळजी होती: आमच्या आवडत्या गाण्याच्या शेवटी गायक एक उंच सूर धरून ठेवायचा, त्याची.

"आता लागन का गा दादा त्याले तो सूर?"

"नाई लागला तं नाई लागला. माह्याच्यानं तरी आता जिना चढणं होते का?"

कार्यक्रमाच्या दिवशी तो काळा टी-शर्ट घालून आला. लाजेखातर त्यावर नेहमीचा शर्ट चढवला होता, पण वरची बटणं उघडी. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

मैदान शहराबाहेर होतं. आत शिरताच जळक्या तेलाचा आणि फिरत्या संडासांचा मिळून एक वास नाकात बसला तो शेवटपर्यंत गेला नाही. गाण्याआधी सत्कार. कुणा पुढाऱ्याच्या हस्ते शाल-श्रीफळ. ज्यांच्या पोस्टरला मी लहानपणी हात लावायलाही कचरत होते, ते चार म्हातारे हातात नारळ घेऊन ओळीत उभे होते, आणि निवेदक ओरडत होता, "नागपूरकर, आवाज येऊन नाही राहिला!" पुढाऱ्यानं माइक घेतला तो सोडेचना. शेवटी एक सिनेमातलं गाणंही म्हणून दाखवलं, बेसूर. मला शिसारी आली. दादा मात्र म्हणत होता, "होऊ दे, होऊ दे. येतीनच आता."

आणि सुरू झालं एकदाचं, तेही आमच्या त्याच आवडत्या गाण्यानं. पहिल्याच सुरांना दादानं माझं मनगट घट्ट धरलं. आवाज अगदी तसाच होता, कॅसेटमधला. मला वाटलं, काय जपलाय या माणसानं गळा! थोड्या वेळानं दादाचा हात ढिला पडला. मी पाहिलं तर तो मान खाली घालून नुसता ऐकत होता.

"श्वास आयक," तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्याच्या आधीचा. कॅसेटमधला तोच हाये."

मी म्हटलं, "काहीतरीच."

मग शेवटची ओळ आली. गायकाला ठसका लागला. तो बाजूला वळला, बाटली उघडली आणि पाणी प्यायला. मोठ्या पडद्यावर त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती, आणि तो उंच सूर आमच्या डोक्यावर स्वच्छ, अखंड वाजत होता. बाटली ठेवून त्यानं पुन्हा ओठ हलवायला सुरुवात केली. हसत हसत. सगळं मैदान त्या सुराला टाळ्या वाजवत होतं.

दादा उभा राहिला. आयुष्यात चारचौघांत आवाज न चढवणारा माणूस.

"पेऊन घे गा आरामानं!" तो ओरडला. "गाणं चालूच हाये!"

पुढची मुलगी वळली. "काका, बसा ना प्लीज. रील बनवून राहिली मी."

आम्ही बाहेर पडलो. मागून पुढचं गाणं सुरू झालं, तेही चकाचक. गाडीपाशी आल्यावर दादा दारावर हात ठेवून म्हणाला, "फाटका आवाज घेऊन आला असता ना वं, तरी मी उभा राहून आयकलं असतं. मी त्यासाठीच आलतो. कॅसेटच आयकाची होती तं घरी काय झालं होतं?"

हुडकेश्वरला माझ्या घरी जेवण तयार होतं. तो थांबला नाही. मला दारात सोडून काटोलला निघून गेला.

सोमवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शेजारच्या विभागातली बाई मोबाईल घेऊन आली. तीही गेली होती. नेमकं तेच गाणं तिनं लावलं. तिच्या व्हिडिओत तो पाणी पिताना स्पष्ट दिसत होता. मी बोट ठेवून दाखवलं.

"अय्या, हो की," ती म्हणाली. "म्हणजे टेप होती? पण साउंड किती क्लिअर होता, नाही?"

तिनं तो व्हिडिओ तसाच सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्याखाली लाल बदामांची रांग लागली.