डाळिंबी ठिपका

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना समोर सगळे मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे फौजदार. हे त्यांना ठाऊक आहे. पाठीमागे लोक आपल्याला काहीतरी म्हणत असणार, हा संशय त्यांना नाव पडायच्या आधीपासूनच होता. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे सकाळी दहा वाजल्यापासून त्यांचा संशय मला बसल्या जागी ऐकू येतो.

गाडीतलं पेट्रोल ते आधी हुंगतात, मग दोन बोटांत चोळतात आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतात. नव्या पार्टचं खोकं कानाशी हलवतात. वाजलं तर "आत तुटलंय", नाही वाजलं तर "आत काहीच नाही". आणि गाडी आपोआप बंद पडली असं कुणी म्हटलं, की हातातलं काम खाली ठेवून विचारतात, "आपोआप? कुणी हात लावला होता?"

या प्रश्नावर त्यांनी स्वतःच एक जालीम उपाय शोधला होता. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ते नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, अर्धा बोल्टवर आणि अर्धा खालच्या लोखंडावर. बोल्ट कुणी फिरवला की ठिपका दुभंगणार आणि चोरी उघडी पडणार. नेलपॉलिश अर्थातच त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, डाळिंबी रंगाचं. काकूंना तो रंग मुळीच आवडत नाही. पण रंग बदलला तर पुरावा बिघडतो, म्हणून त्या माउलीची नखं वीस वर्षं डाळिंबीच राहिली.

त्या सोमवारी पाववाल्या वहिनींची पिकअप गॅरेजसमोर येऊन थांबली. थांबली म्हणजे शेवटची वीस पावलं आम्ही ढकलली. गोल डोळ्यांचे दिवे, फुगीर बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि दारावर पावाचं चित्र, जे उन्हाने आता उशीसारखं दिसतं. वहिनींच्या सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली गाडी. सासरे गेल्या वर्षी गेले, आणि बेकरी, भट्टी, पिकअप असा सगळा संसार वहिनींच्या अंगावर पडला.

"काका, गरम झाली की दवाखान्याच्या चढावर टकटक करते आणि बसकण मारते. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू."

"कधीपासून?"

"सासरे गेल्यापासूनच म्हणा ना. त्यांच्या हाताखाली कधी बंद पडली नाही."

"सूनबाई, इंजिनाला सुतक नसतं. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता."

"माझा पाय राहू दे बाजूला. गुरुवारी सकाळी तपासणी आहे. साहेब गाडी चढावर नेतो आणि इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून बघतो. नापास झाली तर या वयाच्या गाडीला दुसरी संधी नाही, सरळ भंगारात. मग दवाखान्याचे, शाळेचे आणि तीस घरांचे पाव काय डोक्यावरून नेऊ?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या माथ्यावरच्या लांबट झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या बोल्टांवर डाळिंबी ठिपके अखंड होते. मिस्त्रींचा चेहरा उजळला. "माझं इंजिन! याला कुणाचा हात लागलेला नाही."

मग तपास सुरू झाला. पेट्रोल हुंगून झालं. कार्ब्युरेटर उघडून धुतला. पॉइंट घासले, कॉइल बदलून पाहिली. प्लग काढले तर त्यांची टोकं भाजून पांढरी पडलेली. "आत आग जास्त होतेय," मिस्त्री पुटपुटले. टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची नेमकी वेळ, त्यांनी जुन्या पुस्तकातला आकडा बघून पुन्हा लावलं आणि वहिनींना चढावर पाठवलं. वहिनी चालत परत आल्या.

मंगळवारी पाण्याच्या पंपातून थेंब गळताना दिसला. पाणी कमी म्हणून गरम होते, असं ठरलं. पंपाचं नवं पॅकिंग आणलं, पण त्याची भोकं बोटभर इकडेतिकडे. मिस्त्रींनी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. दुसरं आलं, तेही तसंच.

"दोन्ही एकाच कारखान्यातले चोर," मिस्त्री म्हणाले.

मी दुकानातून डोकावून म्हणालो, "मिस्त्री, पॅकिंग बरोबर असेल आणि इंजिनच दुसरं असेल तर?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या मुलाचा बाप कोण, असं विचारलं होतं. "भाऊ, ठिपके दिसत नाहीत का तुम्हाला?"

पण संशय एकदा पेरला की मिस्त्रींच्या जमिनीत तो उगवल्याशिवाय राहत नाही. बुधवारी सकाळी त्यांनी मला उजेडासाठी हातातली बॅटरी धरायला बोलावलं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाच्या, कडेला एक सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचं तेल आणि रंग खरवडल्यावर तो दिसला. वहिनींनी आणलेल्या कागदाशी एकही आकडा जुळेना.

"तुमच्या मशीनने आकडे बदललेत," मिस्त्री मला म्हणाले. तो कागद म्हणजे मीच काढून दिलेली झेरॉक्स होती.

ब्लॉक ओतताना मागच्या बाजूला, गिअरबॉक्सजवळ, एक आकडा येतो, तो कुणी खोडू शकत नाही. तिथे मान जात नाही, म्हणून काकूंचा हातातला आरसा मागवला. आरशात सगळं उलटं. मी वाचायचो, मिस्त्री कागदावर सुलटं करायचे, मग जुन्या पुस्तकात शोधायचे. तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. हे त्याच कंपनीच्या व्हॅनचं इंजिन होतं. पिकअपच्या इंजिनाचा थोरला भाऊच तो. तोंडवळा तोच, फक्त पोट मोठं. डोक्यावर मात्र धाकट्याची टोपी, म्हणजे जुनं टॅपेट कव्हर. आणि मिस्त्री थोरल्याला धाकट्याच्या मापाने टायमिंग लावत होते. टकटक करील नाही तर काय!

मिस्त्री उपड्या बादलीवर बसले. "माझ्या ठिपक्यांखाली इंजिन बदललं. सूनबाई, हे कुणाचं काम?"

"मला काय विचारता? गाडी तुमच्याशिवाय कुणी उघडली आहे का?" वहिनींचा आवाज चढला. "उद्या तपासणी आहे काका. चांगलं इंजिन काढून घेतलंत का माझ्या गाडीचं?"

मिस्त्रींना चोर म्हणण्याची हिंमत गल्लीत प्रथमच कुणी केली होती. तेवढ्यात काकू वरच्या घरातून चहा घेऊन जिन्यात आल्या आणि थबकल्या. वहिनी रागारागाने गाडीच्या खणातून आणखी जुने कागद शोधू लागल्या. आधी फडकं निघालं, मग टाचण्या, आणि मग एक छोटी बाटली जमिनीवर घरंगळत आली. डाळिंबी नेलपॉलिश, अर्धी संपलेली.

वहिनी लाल झाल्या. "हे... सासऱ्यांच्या सामानात निघालं होतं. फेकून द्यायचं राहिलं." मग हळूच म्हणाल्या, "एकटा माणूस, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, आणि खणात हे! मी कुणाला बोलले नाही. फक्त त्यांचा फोटो गल्ल्यावरून काढला आणि मैद्याच्या पोत्यांमागे लावला."

मिस्त्रींनी बाटली उचलली. बाटलीकडे बघितलं. मग जिन्यात उभ्या असलेल्या बायकोच्या नखांकडे बघितलं. मी बॅटरी विझवली, कारण अशा वेळी माणसाने हातातलं काहीतरी विझवावं.

"अगं," मिस्त्री म्हणाले, "ही बाटली त्याच्याकडे कशी?"

"मी दिली," काकू म्हणाल्या आणि चहाचा ट्रे बॉनेटवर ठेवला. "डोळे वटारू नका. तुमचा पाय मोडला तो दिवस आठवा."

"अकरा वर्षं झाली. ऑइलवरून घसरलो. ते कुणी सांडलं होतं ते अजून कळलेलं नाही."

"तुम्हीच. याच गाडीचं ऑइल बदलत होतात. खालच्या चेंबरचा बोल्ट नुसता हाताने लावलात. पाना सापडेना, म्हणून आधी ऑइल ओतलंत आणि मग पाना शोधायला निघालात."

"पाना त्या गिरणीजवळच्या मिस्त्रीने चोरला होता!"

"पाना तुमच्याच खिशात होता. दवाखान्यातल्या नर्सने काढून माझ्या हातात दिला."

मिस्त्रींनी नकळत खिसा चाचपला.

"आम्ही सगळे तुमच्यामागे दवाखान्यात. इकडे हिचे सासरे आले, काम झालं असं समजून गाडी घेऊन गेले. वाटेत बोल्ट पडला, ऑइल वाहून गेलं, इंजिन जाम. ते जाब विचारायलाच दवाखान्यात आले होते. तुम्ही पाय टांगून पडला होतात आणि 'माझा पाय गेला, आता गॅरेज बंद' असं घोकत होतात. ते बिचारे गप्प बसले, आणि बिस्किटांचा पुडा ठेवून निघून गेले."

"त्या बिस्किटांचा मला तेव्हाच संशय आला होता," मिस्त्री क्षीणपणे म्हणाले.

"मी गिरणीजवळच्या भावजींचे पाय धरले. त्यांच्याकडे ठोकर खाल्लेली व्हॅन होती, तिचं इंजिन बसवलं. वर तुमचं जुनं झाकण. आणि मग मी बसून सगळे ठिपके दिले, हात भरून आला. त्यानंतर तुमच्याकडून गाडी नेली की सासरे गिरणीपाशी थांबायचे. भावजी टायमिंग बरोबर लावून द्यायचे, आणि सासरे फाटलेला ठिपका रंगवायचे. त्यासाठी ती बाटली."

सासरे गेले आणि गाडी गिरणीपाशी थांबायची बंद झाली. दुखणं तेव्हापासूनचं होतं.

मिस्त्रींनी वाकून गाडीखाली चेंबरकडे बघितलं. "खालच्या बोल्टवरचा ठिपका?"

"तोही माझाच. सगळ्यात आधी तोच दिला."

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, पण ओठ हसत होते. मग एकदम दचकल्या. "पण नंबर? उद्या नंबर जुळणार नाही तो नाहीच ना!"

"गाडीच्या नोंदणीचं मूळ पुस्तक घरी आहे ना? शेवटचं पान बघ," काकू म्हणाल्या. "सासरे तपासणीला कुणालाही बरोबर नेत नसत, ते का?"

वहिनी धावत जाऊन पुस्तक घेऊन आल्या. शेवटच्या पानावर इंजिन बदलल्याची नोंद, तारीख, शिक्का आणि आरशात न बघताही वाचता येईल असा नवा नंबर होता. मी झेरॉक्स काढली होती पहिल्या पानाची. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, पण त्या दिवशी कुणाला काही बोलण्याच्या परिस्थितीत ते नव्हते.

राहिलं टायमिंग. या जुळवलेल्या इंजिनाचा नेमका आकडा कुठल्याच पुस्तकात नव्हता, तो होता गिरणीजवळच्या माणसाच्या कानात. मिस्त्रींनी अंगावरचा डगला काढला, धुतलेला सदरा घातला आणि पिकअपमध्ये बसले. साक्षीदार म्हणून मीही बसलो. गिरणीजवळचे मिस्त्री दारातच उभे होते. ज्याला अकरा वर्षं पानाचोर म्हटलं त्याच्यासमोर काय बोलणार, ही चिंता मलाच पडली.

आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "जरा हात लावा याला."

गिरणीजवळचे मिस्त्री काहीही न विचारता पुढे आले, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, कान दिला, पुन्हा केसभर. इंजिनाची टकटक थांबली. आमचे मिस्त्री बाजूला उभे राहून बघत होते. हुंगलं मात्र काहीच नाही.

गुरुवारी साहेबाने नंबर ताडला, गाडी दवाखान्याच्या चढावर नेली आणि वर जाऊन वळवून आणली. पास. परतताना वहिनींनी वाटेतच तीस घरांचे पाव टाकले.

दुपारी सासऱ्यांचा फोटो मैद्याच्या पोत्यांमागून पुन्हा गल्ल्यावर आला. स्क्रू मिस्त्रींनी स्वतः आवळला. काल पाव आणायला गेलो तेव्हा बघितलं, तर त्या स्क्रूवर एक डाळिंबी ठिपका आहे, अर्धा स्क्रूवर, अर्धा भिंतीवर. मिस्त्री म्हणतात मी नाही. काकू म्हणतात मी नाही, माझी नखं आता फिकट गुलाबी आहेत. वहिनी म्हणतात, बाटली तर मी कधीच खणात परत ठेवली. तिघांपैकी एकजण खोटं बोलतो आहे. मी रोज एक पाव जास्त घ्यायला लागलो आहे, तपासासाठी.