खंडेनवमीचा पाना

विमान तपासायचं शिकायला देवमन अकोल्याच्या धावपट्टीवर आला, आणि पहिल्या महिन्यात शिकला काय, तर भगवंतरावांचा स्टोव्ह पेटवणं. तोही नुसता पेटवून द्यायचा. चहाचं पाणी साहेब स्वतः ओतणार, कारण ह्याचा हात त्या पातेल्याला चालत नव्हता. चौसष्ट साली! शी!

बार्शीटाकळीच्या बुधाजीचा हा मुलगा. छप्पन साली घरादारानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो मॅट्रिकला होता. पुढे अमरावतीला यंत्रकाम शिकला आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर औषध फवारणाऱ्या एका विमान कंपनीत उमेदवार म्हणून लागला. दोन हंगाम निरीक्षकाच्या हाताखाली काढायचे, त्याची शिफारस मिळवायची, मुंबईला परीक्षा द्यायची. पास झालं की प्रवासी विमानांच्या तपासणी खात्यात नोकरी. शंभर माणसं बसलेल्या विमानाला 'जाऊ द्या' म्हणायचा अधिकार! त्या शिफारशीपायी देवमन मूग गिळून राहिला होता.

भगवंतराव निरीक्षक. कपाळाला गंध, बोलणं गोड, आणि कामात नुसती टंगळमंगळ. उड्डाणाआधी निरीक्षकानं यंत्र पाहून विमानाच्या पंखावर थाप मारायची आणि मगच पायलटनं चढायचं, अशी तिथली रीत होती. भगवंतराव पान चघळत यायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे आणि जाऊन खुर्चीत बसायचे. खरी तपासणी देवमन पहाटे येऊन करून ठेवायचा. तो चरफडायचा, पण बोलणार कुणाला?

त्यातलं सगळ्यात मोठं काम टाकीच्या तळाच्या तोटीचं. ती पान्यानं उघडून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढायचं. बरणीच्या तळाशी पाणी दिसलं तर विमान हलवायचं नाही, कारण टाकीतलं पाणी इंजिनात गेलं की ते हवेतच बंद पडतं. पेट्रोलची पिंपं तर पावसात उघड्यावर पडलेली. ताडपत्री टाका म्हणून देवमननं सांगून पाहिलं होतं. साहेबांनी हसण्यावारी नेलं.

खंडेनवमी आली. सगळे पाने, पकडी, हातोड्या पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले. पूजा झाली की हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत. बरं बाबा, नका हलवू, मग विमानही नका उडवू! पण नाही. खुशालराव पाटलांच्या पऱ्हाटीवर अळी पडली होती, आणि आजच फवारतो म्हणून भगवंतराव शब्द देऊन बसले होते.

"साहेब, आत्ताच पिंपातलं नवं पेट्रोल भरलं. टाकी पाहाची राहिली," देवमन म्हणाला.

"पाना पाटावर आहे ना बाप्पा. आज कसा उचलू?"

"मग मी उचलतो जी."

अंगावर पाल पडल्यागत भगवंतराव मागे सरले. "तू? वर्षभर हात लावतं, मी काई बोललो का तुले? पण आज देव आहे त्याच्यात. इटाळ होईन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शिफारस मलेच लिहाची आहे, ध्यानात ठेव. गुमान बस."

वर्षभर ग्रीस, घाण, रॉकेल ह्याच्या हाताला, आणि हळदकुंकू लागलं की तोच हात नको!

पायलट चड्ढासाहेब आले. भगवंतरावांनी हळदीच्या हातानं पंखावर थाप मारली. चड्ढासाहेबांनी हसून नमस्कार केला आणि पाय वर टाकला. आता मात्र देवमनला राहवेना. त्यानं पाटावरचे झेंडू बाजूला सारले, पाना उचलला आणि थेट विमानाखाली शिरला.

"अरे, बाटवलं रे बाटवलं!" भगवंतराव ओरडत राहिले.

देवमननं बरणी भरून चड्ढासाहेबांसमोर धरली. अर्ध्यात पाणी, वर पेट्रोल. चड्ढासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली उतरून मटकन जमिनीवरच बसले.

आणि भगवंतराव? त्यांनी बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाना पाटावर ठेवायला लावला, त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, पुढच्या पंख्याला हात जोडले आणि म्हणाले, "पाहा चड्ढासाब, पूजा केली म्हणून वाचलो."

मग नारळ फोडला. चड्ढासाहेबांच्या हातात खोबरं ठेवलं. देवमनच्या तळहातावर वरून सोडलं.

"घे. शिफारस आजच लिहून देतो. फक्त टाकीत पाणी निघालं हे मुंबईच्या तपासणी खात्याले कळवू नको."

देवमननं खोबऱ्याकडे पाहिलं. ज्या एका कागदासाठी दोन हंगाम काढले, तो कागद आता हाताशी होता. नुसतं गप्प बसायचं होतं.

"पाणी निघालं तर वर कळवाचं, हेच शिकलो मी इथं," तो म्हणाला. खोबरं पाटावर ठेवून तो तारघराकडे निघाला.

"गेली तुही शिफारस!" भगवंतराव मागून ओरडले.

आणि ती गेलीच. तार पोचली, मुंबईहून चौकशी आली. पाणी आपण स्वतः शोधल्याचं भगवंतरावांनी सांगितलं. चड्ढासाहेबांनी खाली मान घातली. देवमनला हंगामाअखेर घरी पाठवलं, आणि तो बार्शीटाकळीला विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला लागला. प्रवासी विमानांच्या तपासणी खात्यातली ती जागा भगवंतरावांना मिळाली, दक्षतेबद्दल बढती म्हणून. थू!